शाळेत विद्यार्थी-स्वास्थ्याचे काम सुरू करताना : नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

विद्यार्थ्यांच्या स्वास्थ्याची जबाबदारी शाळेत बहुधा वर्षारंभीच्या बैठकीत, कामांची वाटणी होताना कोणा एकाच्या नावापुढे लिहिली जाते. तिच्यासोबत ना पुस्तिका मिळते, ना वेगळी तासिका. ज्यांच्याकडे हे काम नुकतेच आले आहे, मग ते शिक्षक असोत, पालक-प्रतिनिधी असोत किंवा शाळेशी जोडलेले स्वयंसेवक, त्यांच्यासाठी हा लेख आहे. हे काम मी काही वर्षे सांभाळले असून पुढील पायऱ्या त्याच अनुभवातून, ज्या क्रमाने केल्या असता कमीत कमी गोंधळ होतो, त्या क्रमाने मांडल्या आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. या कामाचे नाव निघताच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एखादा ‘स्वास्थ्य दिन’ किंवा ‘स्वास्थ्य सप्ताह’ उभा राहतो : फलक रंगवले जातात, पाहुण्यांचे व्याख्यान होते, छायाचित्रे निघतात आणि त्यानंतरच्या सोमवारी शाळा आहे तिथेच असते. असा दिवस साजरा करण्यात गैर काही नाही. परंतु वेळापत्रकात रोजची पंधरा मिनिटे मिळवणे हे अशा सप्ताहापेक्षा कितीतरी अवघड आणि कितीतरी उपयोगाचे आहे. निवड करण्याची वेळ आली, तर पंधरा मिनिटे मागा.

१. कामाची व्याप्ती एका पानावर लिहा

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ मध्ये अंमलात आलेल्या घटनेत आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नसून शारीरिक, मानसिक आणि सामाजिक सुस्थिती होय, असे म्हटले आहे. व्याख्या योग्यच आहे, पण तिच्यावरून उद्या सकाळी काय करायचे ते कळत नाही. म्हणून शाळेपुरते पाच विषय धरावेत : हालचाल, झोप, माणसांशी असलेले नाते, मनःस्थिती आणि अडचणीत मदत मिळण्याची सोय.

यांपैकी पहिल्या दोन विषयांसाठी ठोस आकडे उपलब्ध आहेत आणि ते तोंडपाठ असलेले बरे, कारण बैठकीत ते वारंवार लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी आठवड्याचा विचार करता सरासरी रोज ६० मिनिटे मध्यम ते जोमदार हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस त्यात जोमदार तसेच हाडे व स्नायू बळकट करणाऱ्या हालचालींचा समावेश असावा. झोपेबाबत अमेरिकेतील निद्रावैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी ८ ते १० तास अशी शिफारस केलेली आहे.

त्याच पानावर शाळा काय करणार नाही, हेही लिहावे. शाळा निदान करत नाही, उपचार करत नाही आणि मुलाच्या घरचे प्रश्न सोडवून देण्याचे आश्वासन देत नाही. ही मर्यादा स्पष्ट नसेल, तर उत्साही शिक्षक वैद्याची भूमिका घेतात आणि घाबरलेले शिक्षक कुठलीच भूमिका घेत नाहीत; दोन्हींचा त्रास अखेर मुलांना होतो.

मुख्याध्यापकांना किंवा व्यवस्थापनाला हे काम अभ्यासाच्या आड येईल, अशी शंका असेल, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्याचा उल्लेख करावा. भावनिक व सामाजिक कौशल्ये शिकवणाऱ्या २१३ शालेय कार्यक्रमांचा आणि सुमारे २ लाख ७० हजार विद्यार्थ्यांचा त्यात विचार केलेला होता. अशा कार्यक्रमांत सहभागी झालेले विद्यार्थी शैक्षणिक कामगिरीत इतरांच्या तुलनेत सरासरी ११ शतमक गुणांनी (म्हणजे शंभर जणांच्या क्रमवारीत सुमारे ११ स्थानांनी) पुढे असल्याचे त्यात आढळले. त्याचप्रमाणे जागतिक आरोग्य संघटना आणि युनेस्को यांनी २०२१ मध्ये आरोग्यवर्धक शाळांसाठी जे आठ जागतिक निकष प्रसिद्ध केले, त्यांत शाळा व समाज यांची भागीदारी हा एक स्वतंत्र निकष आहे. परवानगीच्या अर्जात ही दोन वाक्ये असली, की चर्चा ‘हे कशाला’ यावरून ‘हे कसे’ यावर लवकर येते.

२. आधी पाहा, मग विचारा

उपक्रमांची यादी करण्यापूर्वी एक आठवडा फक्त निरीक्षणासाठी द्यावा. मैदानाचा ढोबळ नकाशा एका कागदावर काढून मधल्या सुट्टीत एका कडेला उभे राहावे आणि कोण कुठे आहे, याच्या खुणा त्यावर कराव्यात. बहुतेक शाळांत चित्र साधारण सारखेच दिसते. वरच्या वर्गांतील मुलांच्या चेंडूच्या खेळाने मधली सगळी मोकळी जागा व्यापलेली असते. मुलींचे घोळके भिंतीच्या कडेने उभे असतात. धाकटी मुले उरलेल्या पट्ट्यात पळापळ करतात. पण आपल्याला पाहायचे असते ते याच्या पलीकडचे. नळाशी एक मुलगा तिसऱ्यांदा पाणी पिताना दिसतो, कारण पाणी पिणाऱ्याला ‘तू एकटा का?’ असे कोणी विचारत नाही. पायरीवर बसलेली मुलगी दप्तराचा कप्पा उघडते, आत काही शोधल्यासारखे करते, बंद करते आणि थोड्या वेळाने पुन्हा उघडते. सुट्टी संपल्याची घंटा झाल्यावर बहुतेकांचे चेहरे पडतात, पण या दोघांची पावले मात्र वर्गाकडे जरा लगबगीने वळतात. आपला कार्यक्रम या दोघांपर्यंत पोहोचतो की नाही, हीच त्याची खरी कसोटी असते. धावणाऱ्यांना आपली गरज कमी असते.

निरीक्षणानंतर प्रश्नावली घ्यावी. स्वतः प्रश्न रचण्याचा मोह टाळावा. जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची सुस्थिती प्रश्नावली मोफत वापरता येते आणि भरायला दोन-तीन मिनिटे पुरतात. गेल्या दोन आठवड्यांत मन आनंदी होते का, शांत वाटले का, अंगात उत्साह होता का, झोपून उठल्यावर ताजेतवाने वाटले का आणि दिवस आवडीच्या गोष्टींनी भरलेला होता का, या पाच बाबींना प्रत्येकी ० ते ५ गुण द्यायचे असतात. बेरीज ४ ने गुणली, की ० ते १०० मधील आकडा मिळतो. साधारणतः ९ वर्षांवरील मुलांना ही प्रश्नावली स्वतः भरता येते.

येथे एक सापळा आहे आणि त्यात भलेभले अडकतात. प्रश्नावली नावासह घेतली आणि एखाद्या मुलाचे गुण चिंताजनक निघाले, तर त्याच दिवशी काही करणे हे आपले कर्तव्य ठरते. उत्तरपत्रिका कपाटात ठेवून महिन्याने बेरीज करणे मग चालत नाही. तशी तयारी नसेल, तर प्रश्नावली निनावी ठेवावी, निकाल केवळ इयत्तेनुसार पाहावा आणि कागदाच्या शेवटी ‘कोणाशी बोलावेसे वाटत असल्यास’ असे लिहून त्या व्यक्तीचे नाव व भेटण्याची वेळ द्यावी. लहान वर्गांत अक्षरावरूनही मूल ओळखू येते, हे लक्षात ठेवून लेखी उत्तरांऐवजी खुणा करण्याचीच सोय ठेवावी.

३. मदतीचा मार्ग उपक्रमांआधी तयार करा

क्रम बदलू नये अशी ही पायरी आहे. स्वास्थ्याबद्दल बोलणे सुरू होताच काही मुले खरोखरच बोलू लागतात. चित्रकलेच्या तासाला, सहलीच्या परतीच्या वाटेवर किंवा वर्ग रिकामा झाल्यावर फळा पुसण्याच्या निमित्ताने मागे थांबून मूल असे काही सांगते, की ऐकणाऱ्याला पुढे काय करावे हे सुचत नाही. त्या क्षणी सुचण्यावर अवलंबून राहावे लागू नये, म्हणून आधीच लिहून ठेवलेले एक पान प्रत्येक शिक्षकाजवळ असावे.

त्या पानावर चार गोष्टी असाव्यात : शाळेत प्रथम कोणाला सांगायचे; ती व्यक्ती नसेल तर कोणाला; जवळचा समुपदेशक, मानसोपचारतज्ज्ञ आणि रुग्णालय यांचे संपर्क; आणि बालसंरक्षणाच्या कायद्यानुसार कोणती बाब कोणत्या यंत्रणेला कळवणे बंधनकारक आहे. शेवटची माहिती ऐकीव असू नये. संबंधित कार्यालयाकडून ती लेखी मिळवावी.

ऐकताना काय करावे, याचे सोपे सूत्र जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत आहे : पाहा, ऐका, जोडा. मूल सुरक्षित आहे का ते पाहावे, मध्ये न तोडता ऐकावे आणि पुढील मदतीशी जोडून द्यावे. सल्ला देण्याची घाई करू नये. ‘हे मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन तर कधीही देऊ नये, कारण ते पाळता येत नाही आणि मोडल्यावर मुलाचा मोठ्यांवरचा विश्वास उडतो. त्याऐवजी ‘तुला सुरक्षित ठेवण्यासाठी ज्यांना सांगणे आवश्यक आहे, त्यांनाच सांगेन आणि सांगण्यापूर्वी तुला कळवेन’ असे म्हणावे.

जीव नकोसा झाल्याची भाषा मुलाच्या तोंडी आली, तर त्याला थेट आणि शांतपणे तसा विचार मनात येतो का, असे विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जातो, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्यामुळे अनेकदा मुलाला बोलता येते. अशा मुलाला एकटे सोडू नये, त्याच दिवशी पालकांना बोलवावे आणि तज्ज्ञांकडे पोहोचवण्याची व्यवस्था करावी. धोका घरातच असल्याचा संशय असल्यास पालकांना कळवण्यापूर्वी बालसंरक्षण यंत्रणेचा सल्ला घ्यावा. ‘परीक्षा झाल्यावर पाहू’ हे उत्तर येथे कोणत्याही कारणाने चालत नाही.

४. छोटा गट बांधा आणि विद्यार्थ्यांना खरे अधिकार द्या

पाच ते सात जणांचा गट पुरेसा आहे : एक वर्गशिक्षक, क्रीडाशिक्षक, समुपदेशक असल्यास ते, एक पालक आणि किमान दोन विद्यार्थी. विद्यार्थी निवडताना वर्गप्रमुखांवर थांबू नये. सगळ्या समित्यांवर असणारी तीच ती मुले उत्तम बोलतात खरी, पण नळाशी उभ्या असलेल्या मुलाची अडचण त्यांना ठाऊक असतेच असे नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या (१९८९) कलम १२ मध्ये आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि त्या मताला योग्य महत्त्व मिळण्याचा मुलांचा हक्क मान्य केलेला आहे. मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी रॉजर हार्ट यांनी युनिसेफसाठी १९९२ मध्ये लिहिलेल्या निबंधात मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांवर मुले केवळ वापरली जातात, शोभेसाठी उभी केली जातात किंवा नावापुरती बोलावली जातात. आपल्या शाळेतला सहभाग कोणत्या पायरीवर आहे, हे ओळखण्याचा माझा साधा निकष असा, की मुलांनी ‘नाही’ म्हटल्यामुळे एखादी गोष्ट बदलली का. गटाला थोडा निधी आणि तो खर्च करण्याची मुभा दिली, मग रक्कम किती का लहान असेना, तर बैठकीतल्या मुलांच्या बोलण्याचा सूर बदलतो.

५. वेळापत्रकात जागा मिळवा

नवे काही जोडण्यापूर्वी असलेल्या वेळेची गळती थांबवावी. मैदानाचा तास गणिताच्या उजळणीला देणे आणि शिक्षा म्हणून मधली सुट्टी काढून घेणे या दोन सवयी जवळपास सर्वत्र दिसतात. शिक्षा म्हणून किंवा अभ्यासाच्या कारणाने सुट्टी काढून घेऊ नये, अशी स्पष्ट भूमिका अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये घेतली. व्यवहारातही हे पटण्यासारखे आहे : जे मूल एका जागी बसू शकत नाही म्हणून त्याची सुट्टी जाते, त्यालाच त्या सुट्टीची सर्वाधिक गरज असते. शाळेच्या नियमावलीत हे एक वाक्य आणता आले, तर पहिल्या वर्षात तेवढेही पुष्कळ झाले.

त्यानंतर रोजची पंधरा मिनिटे. यासाठी स्कॉटलंडमधील एका प्राथमिक शाळेचे उदाहरण उपयोगी पडते. स्टर्लिंग येथील सेंट निनियन्स शाळेच्या मुख्याध्यापिका एलेन वायली यांनी २०१२ मध्ये मुलांना रोज पंधरा मिनिटे मोकळ्या हवेत आपापल्या गतीने धावायला किंवा चालायला सोडण्याची पद्धत सुरू केली आणि ‘डेली माईल’ या नावाने ती पुढे अनेक देशांत पोहोचली. ती पसरण्यामागचे कारण तिच्या साधेपणात आहे. कपडे बदलायचे नाहीत, साहित्य लागत नाही, शर्यत नाही, क्रमांक नाहीत आणि कोणाची संघात निवड होण्याचा प्रश्न नाही. धापा टाकणारे मूल मैत्रिणीशी गप्पा मारत चालले, तरी चालते. मैदान लहान असेल तर इमारतीभोवतीची वाट, गच्ची किंवा लांब व्हरांडाही चालेल. मात्र वेळ ठरलेली हवी आणि वर्गशिक्षक सोबत हवेत. शिक्षक कडेला उभे राहून घड्याळ पाहत असले, तर पंधरवड्यात तो उपक्रम शिक्षेसारखा वाटू लागतो. उन्हाची तीव्रता, हवेतील प्रदूषण, तसेच दमा किंवा हृदयविकार असलेल्या मुलांसाठी वैद्यकीय सूचना यांचा विचार आधी करावा.

मोकळ्या हवेचा आणखी एक लाभ पालकांना लवकर पटतो. मुले दिवसाउजेडी घराबाहेर जितका जास्त वेळ असतात, तितकी लघुदृष्टी जडण्याची शक्यता घटते, असे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे.

मधल्या सुट्टीत मैदानाचे वाटप करणे हा तिसरा बदल. चेंडूच्या खेळाला ठरावीक भाग किंवा ठरावीक वार द्यावेत, एक कोपरा बैठ्या खेळांसाठी व एक निव्वळ बसून बोलण्यासाठी राखावा आणि ग्रंथालय त्या वेळेत उघडे ठेवावे. ग्रंथालयात येणाऱ्या मुलांना ‘जा, बाहेर खेळ’ म्हणून हुसकावू नये. काही मुलांसाठी ती दिवसातली एकमेव शांत जागा असते.

झोपेबाबत शाळेच्या हातात थोडेच असते, पण अगदीच काही नसते असेही नाही. किशोरवयात झोप येण्याची नैसर्गिक वेळ पुढे सरकते. रात्री उशिरापर्यंत जागणारे प्रत्येक मूल आळशी किंवा बेशिस्त नसते. म्हणूनच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा सकाळी साडेआठपूर्वी सुरू करू नयेत, अशी शिफारस केली. शाळेची वेळ बदलणे शक्य नसेल, तर निदान सर्व विषयांचा गृहपाठ एकाच दिवशी पडणार नाही, याचा तक्ता शिक्षकांनी एकत्र बसून करावा आणि रात्री उशिरा वर्गाच्या गटावर सूचना पाठवणे बंद करावे.

६. उपक्रम थोडे निवडा

एका सत्रात तीनपेक्षा जास्त नवे उपक्रम घेऊ नयेत. त्यांपैकी किमान एक असा असावा, की ज्यात कौशल्य असण्याची अट नाही आणि बक्षीस नाही. गायन, चित्रकला, बागकाम, भटक्या प्राण्यांची काळजी, हस्तकला, वाचनगट, बुद्धिबळ, दुरुस्तीची कार्यशाळा यांपैकी काहीही चालेल. मुलांच्या हातांना काम आणि तोंडाला मोकळीक मिळाली पाहिजे. समोरासमोर बसवून ‘तुला काय वाटते ते सांग’ म्हटल्यावर गप्प होणारी मुले रोपांना पाणी घालताना बोलतात.

‘ध्यानवर्ग सुरू करा, म्हणजे ताण जाईल’ हा सल्ला हमखास मिळतो. ध्यानाला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु सर्व मुलांना सरसकट सक्तीने ध्यानाला बसवण्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. ब्रिटनमध्ये ८० हून अधिक शाळांतील ८,००० हून अधिक विद्यार्थ्यांवर सजगतेच्या, म्हणजे चालू क्षणावर लक्ष ठेवण्याच्या ध्यानपद्धतीच्या, प्रशिक्षणाची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि शाळेत नेहमी दिल्या जाणाऱ्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा या प्रशिक्षणाने मुलांच्या मानसिक आरोग्यात अधिक सुधारणा झाल्याचे आढळले नाही. ज्यांना आवडते त्यांच्यासाठी ऐच्छिक वर्ग ठेवावा, एवढे पुरे.

काही गोष्टी मात्र टाळाव्यातच. वर्गासमोर वजन करणे आणि ते मोठ्याने वाचणे, ‘सर्वांत तंदुरुस्त विद्यार्थी’ अशा स्पर्धा, वजन घटवण्यावर भर देणारी व्याख्याने आणि आत्महत्येच्या घटनांचे तपशीलवार वर्णन करणारे वक्ते यांनी भले होण्यापेक्षा इजा होण्याची भीती अधिक असते.

७. शाळेबाहेरच्या संधी शोधा आणि तपासा

शाळेच्या भिंतींच्या आत सगळे पुरवता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. सार्वजनिक ग्रंथालय, क्रीडामंडळ, कलासंस्था, वृद्धाश्रम, आरोग्यकेंद्र, पर्यावरणाचे काम करणारे गट, प्राणिसेवा केंद्र, अग्निशमन केंद्र, निवृत्त व्यक्तींचे संघ अशा ठिकाणांची यादी गटातील विद्यार्थ्यांनाच करायला सांगावी. शाळेत ‘मागे पडणारा’ म्हणून ओळखला जाणारा मुलगा दुसऱ्या ठिकाणी कोरी पाटी घेऊन जातो. तिथे त्याचे गुण कोणाला माहीत नसतात, हा शाळेबाहेरच्या कामाचा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो.

काम ठरवताना संस्थेला एकच प्रश्न विचारावा : ‘मुले आली नाहीत, तर तुमचे काय अडेल?’ उत्तर ‘काही नाही’ असेल, तर मुलांना तेथे गर्दी म्हणून बोलावलेले असते. वृद्धाश्रमात वर्षातून एकदा जाऊन गाणी म्हणून परत येण्यापेक्षा चार मुलांनी दर आठवड्याला त्याच आजी-आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवणे दोन्ही बाजूंना अधिक देते, कारण पुढच्या वेळी कोणीतरी आपली वाट पाहत आहे, हे दोघांनाही ठाऊक असते. मुले येणे थांबणार असतील, तर तेही आधी सांगून, निरोप घेऊन थांबावे.

सुरक्षिततेच्या बाबतीत संकोच करू नये. संस्था कितीही नावाजलेली असो आणि ओळख कितीही जुनी असो, पुढील अटी लेखी मान्य झाल्याशिवाय मुले पाठवू नयेत.

• कोणतीही प्रौढ व्यक्ती एकट्या मुलासोबत बंद खोलीत किंवा वाहनात असणार नाही.
• मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची ओळख आणि कायद्याने आवश्यक असलेली पडताळणी झालेली असेल.
• शाळेतील किमान दोन प्रौढ व्यक्ती सोबत असतील. मुले लहान असल्यास अधिक.
• मुलांशी संपर्क शाळेच्या किंवा पालकांच्या माध्यमातून होईल. मुलांचे खासगी दूरध्वनी क्रमांक दिले जाणार नाहीत.
• छायाचित्रे पालकांच्या आणि मुलाच्या संमतीनेच काढली व वापरली जातील.

प्रायोजकत्व हा आणखी एक सापळा. गोड पेये, तळलेले पदार्थ किंवा खेळण्यासाठी पैसे लावायला लावणारी ॲप्स विकणाऱ्यांकडून टी-शर्ट आणि पाण्याच्या बाटल्या फुकट मिळतात. त्यावर त्यांचे नाव असते आणि पुढचे वर्षभर मुले ते मिरवतात. कमी पैशांत, नाव नसलेल्या बाटल्यांनिशी काम करणे परवडते.

८. कागदपत्रे आणि साहित्य

खालील कागद एका धारिकेत एकत्र ठेवावेत. त्यांच्या प्रती कार्यालयात असाव्यात आणि बाहेर जाताना आवश्यक तेवढ्या प्रती सोबत न्याव्यात.

• मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि एका पानाची कार्यव्याप्ती
• पालकांचे संमतीपत्र : उपक्रमाचे स्वरूप, ठिकाण, वेळ, प्रवासाची सोय आणि नकार देण्याची मुभा स्पष्ट लिहिलेले
• मुलाची स्वतःची संमती, त्याला समजेल अशा भाषेत
• आरोग्यविषयक माहिती : ॲलर्जी, नियमित औषधे, दमा, फिट्स, मधुमेह आणि तातडीचे दोन संपर्क क्रमांक
• मदतीच्या मार्गाचे पान (पायरी ३)
• बाहेरील संस्थेशी झालेला लेखी करार आणि विम्याची माहिती
• हजेरीपत्रक, निघतानाचे आणि परततानाचे वेगवेगळे
• प्रथमोपचार पेटी आणि ती वापरता येणारी एक व्यक्ती

संमतीपत्र पाठवून उत्तर आले नाही, म्हणजे होकार आहे, असे मानू नये. ज्या घरी वाचता येणारे कोणी नाही, तेथे फोन करून समजावून सांगावे व तशी नोंद ठेवावी. शुल्क आकारावे लागणार असेल, तर न भरू शकणाऱ्या मुलांची नावे वर्गात कळणार नाहीत, अशी सोय आधी करावी. नाहीतर ती मुले ‘मला यायचेच नव्हते’ असे सांगून घरी राहतात आणि आपण ते खरे मानतो.

९. पालकांशी बोलणे

पालकसभेत लांब व्याख्यान नको. काय करणार, कधी करणार, अभ्यासाचा वेळ जातो का आणि काही वाटल्यास कोणाला भेटायचे, या चार प्रश्नांची उत्तरे दहा मिनिटांत द्यावीत. एखाद्या मुलाबद्दल काळजी असेल, तर ती सभेनंतर कोपऱ्यात उभे राहून सांगू नये. वेगळी वेळ द्यावी, जे दिसले ते सांगावे आणि निदानाचे शब्द वापरू नयेत. ‘तो नैराश्यात आहे’ याऐवजी ‘तीन आठवड्यांपासून तो मधल्या सुट्टीत वर्गातच बसतो आणि वही पूर्ण करत नाही’ असे सांगितले, तर पालक ऐकण्याच्या मनःस्थितीत राहतात.

१०. पहिल्या सत्राचा क्रम

पहिल्या महिन्यात निरीक्षण, निनावी प्रश्नावली आणि मदतीचा मार्ग एवढेच करावे. दुसऱ्या महिन्यात रोजची पंधरा मिनिटे दोनच वर्गांत सुरू करावीत आणि मैदानाचे वाटप करून पाहावे. तिसऱ्या महिन्यात एक ऐच्छिक उपक्रम आणि शाळेबाहेरची एकच भागीदारी जोडावी. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यांत नवे काही सुरू करू नये, पण चालू असलेले बंदही करू नये. पंधरा मिनिटे पहिल्यांदा कापली जातात ती याच काळात आणि एकदा कापली, की परत मिळवायला सत्र जाते.

११. काय मोजावे, काय सोडून द्यावे

किती मुले आली, यापेक्षा कोण आले नाही, हे पाहावे. हजेरीपत्रकात तीच ती मुले दिसत असतील, तर उपक्रमाची वेळ, जागा किंवा त्यातली स्पर्धा यांपैकी काहीतरी इतरांना दूर ठेवत आहे. सत्राच्या शेवटी तीच पाच प्रश्नांची प्रश्नावली त्याच इयत्तांना पुन्हा द्यावी, मात्र परीक्षेच्या आठवड्यात देऊ नये. आकडा थोडा वर-खाली झाला, तर लगेच यशाचा किंवा अपयशाचा निष्कर्ष काढू नये. त्याच्या जोडीला अनुपस्थितीची नोंद, प्रथमोपचार खोलीत वारंवार डोके किंवा पोट दुखते म्हणून येणाऱ्या मुलांची संख्या आणि मैदानाचा तो पहिला नकाशा पुन्हा काढून केलेली तुलना ठेवावी. सत्रभर चालूनही ज्या उपक्रमाकडे मुले ओढून आणावी लागतात, तो मुलांना विचारून बंद करावा; शिक्षकांचा त्यात जीव गुंतलेला असतो, म्हणून हे बहुधा विद्यार्थी-प्रतिनिधींनाच बोलावे लागते.

या सगळ्याची एक साधी वही ठेवावी : काय केले, कोणी मदत केली, कोणती संस्था विश्वासार्ह निघाली, कोणत्या वारी मैदान मोकळे मिळते. जबाबदारी दुसऱ्याकडे जाताना ती वही त्यांना द्यावी. मुलांची नावे आणि त्यांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी मात्र त्या वहीत पहिल्यापासूनच लिहू नयेत. त्या नोंदी समुपदेशकाकडे किंवा मुख्याध्यापकांनी नेमलेल्या एका व्यक्तीकडे, कुलूपबंद कपाटात राहाव्यात.